दसऱ्याचा लाईट

आबा,

आज तुमच्या पिकपचा क्रँक सेन्सर मी काढला. तुम्ही बसवलेला. त्याच्या कनेक्टरवर तुम्ही गुंडाळलेली काळी टेप सोलताना तिचा चिकटा हाताला लागला, तो रॉकेलने धुऊनही नखांत राहिलाय, आणि माझं डोकं अजून थाऱ्यावर आलेलं नाही. तुम्ही समोर असता तर आज तोंडावर बोलले असते. माणूस गेला की त्याच्यावरचा राग हळूहळू निवतो, असं सगळे सांगतात. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, माझा काही निवला नाही. उलट दर दसऱ्याला तो नव्याने पेटतो, कारण दर दसऱ्याला तुमचं एक वाक्य जळगावपासून धुळ्यापर्यंत लोकांच्या तोंडी फिरत असतं आणि फिरत फिरत माझ्या गॅरेजच्या दारात येतं.

तुम्हाला माहीत आहे कुठलं वाक्य. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडचा प्रत्येक माणूस गाडी धुवायला नेतो. नुसती वरून नाही, बोनेट उघडून, प्रेशरच्या पाण्याने, इंजिन पार लख्ख होईपर्यंत. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, आणि नारळ फोडायचा तो बंपरवर नाही, बोनेटच्या कडेवर, म्हणजे पाणी गाडीच्या ‘पोटात’ जावं. गेलं की पोटात! सेन्सरच्या कनेक्टरमध्ये गेलं, पिनांवर बसलं, आणि दुसऱ्या दिवशी मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा लाईट लागला. लोक घाबरून तुमच्याकडे यायचे. तुम्ही बोनेटमध्ये वाकून दोन कनेक्टर काढायचे, फुंकर मारायचे, परत लावायचे आणि हसत म्हणायचे, "काही नाही रे, दसऱ्याचा लाईट आहे. चार दिवसांत आपोआप जातो." बऱ्याचदा जायचाही. म्हणून लोकांनी ते वाक्य मंत्रासारखं धरून ठेवलं. माझ्या धुळ्याच्या गॅरेजला, साक्री रोडवर, पिंपळनेरकडून भाजीच्या पिकप येतात. परवा असाच एक ड्रायव्हर आला, गाडी काळा धूर ओकतेय, चढाला दम तोडतेय, आणि सगळं ठीक आहे असं हा मला समजावतोय, "ताई, बठ्ठं बरं शे. लाईट दसऱ्याना शे, तो जाईन." मी विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणे फैजपूरला एक आबा होते, त्यांचा हात लागला की गाडी बोलायची. मी त्या आबांची मुलगी आहे हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो माझ्या पाया पडला असता, आणि लाईट तसाच ठेवून निघून गेला असता.

पण परक्या ड्रायव्हरचं काय घेऊन बसायचं. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी वहिनीचा फोन आला. ती उगाच फोन करणारी नाही, सणाला सुद्धा आधी भावाच्या हातात फोन देते. आवाज अगदी सपाट होता. भाऊ आणि ती पिकप घेऊन जळगावला निघाले होते, मागे केळीचा माल भरलेला, आणि तापीच्या पुलावर, मधोमध, गाडी बंद पडली. आचका नाही, आवाज नाही, नुसती बंद. स्टिअरिंग दगडासारखं झालं, ब्रेक घट्ट झाला. मागून वाळूचा डंपर येत होता. वहिनी खाली उतरली, धावत मागे गेली आणि साडीचा पदर सोडून हवेत हलवत पुलावर उभी राहिली. डंपरवाल्याने वळवली म्हणून, नाहीतर मी आज हे असलं काही लिहीत बसले नसते. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन निवलं आणि गाडी काहीच झालं नाही अशी चालू झाली. भावाने स्टिअरिंगला हात जोडले आणि पुढे गेला. "अक्का, तुम्ही या," वहिनी म्हणाली. "ते ऐकायचे नाहीत. तरी या."

गरम झाली की बंद, निवली की चालू. हे ऐकल्यावर मला गाडी बघायची सुद्धा गरज नव्हती. इंजिन कुठे फिरतंय, किती फिरतंय, हे ज्याच्या भरवशावर कॉम्प्युटरला कळतं तो क्रँक सेन्सर आतून गेला की हेच होतं. मी धुळ्यातून नवा सेन्सर घेतला, स्कॅनर पिशवीत टाकला आणि एसटीने निघाले. फैजपूरला उतरले तेव्हा भाऊ अंगणात पिकप पुसत होता. तुमची पिकप. तुम्ही गेल्यापासून त्याने तिचा रंग बदलला नाही, हॉर्न बदलला नाही, सीटचं कव्हर फाटलं तर तसलंच शोधून आणलं. माझ्या हातातली पिशवी बघून त्याला कळलं. तो बोनेटला पाठ लावून उभा राहिला. लहानपणी मार चुकवायला आईच्या मागे लपायचा ना, तसं तोंड करून. म्हणाला, "अक्का, आबांच्या हातचं आहे ते. त्याले हात नको लावू."

आबांच्या हातचं! तुम्हाला सांगते, तळपायाची आग मस्तकात गेली. कारण आबांच्या हाताला काय काय येत होतं हे या घरात माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. आई मुक्ताईनगरला माहेरी गेली होती ती सकाळ तुम्हाला आठवते का? मी नववीत असेन. चहाचं पातेलं गॅसवर होतं आणि तुम्ही त्यात पत्ती टाकायच्या ऐवजी दोऱ्याला बांधून एक सेन्सर सोडला. कूलंटच्या तापमानाचा, पितळी, बोटाएवढा. त्याच्या दोन पिनांना मीटरच्या वायरी लावल्या आणि मला जवळ बोलावलं. पाणी तापतंय तसे मीटरवरचे आकडे खाली उतरतायत. तुम्ही मला ते वाचायला लावता, मोठ्याने. पाणी उकळलं, तुम्ही गॅस बंद केला, आकडे पुन्हा चढायला लागले. तुम्ही म्हणता, बघ, हा जिवंत आहे, हा खरं बोलतो. मग खिशातून दुसरा काढता, तो पाण्यात सोडता, आणि त्याचा आकडा जागचा हलत नाही. हा मेलेला, तुम्ही म्हणता. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद होता तसा मी परत कधी पाहिला नाही. मग आपण ते पातेलं चिंचेने घासलं, आईला कळू नये म्हणून, आणि त्यातच चहा केला. त्या दिवसापासून मला दुसरं काही करायचंच नव्हतं. हे तुम्ही केलंत. दुसऱ्या कोणी नाही.

म्हणजे तुम्हाला येत होतं. माझा सगळा राग तिथे आहे. न येणाऱ्या माणसावर काय रागवायचं, त्याला कीव करून सोडून देता येतं. तुम्हाला जिवंत सेन्सर आणि मेलेला सेन्सर पातेल्यात ओळखता येत होता, आणि तरी गॅरेजच्या पत्र्याखाली तुम्ही वर्षानुवर्षं मेलेले सेन्सर गाड्यांमध्ये ठेवलेत. आयटीआयच्या सुट्टीत मी घरी होते तो दिवस मी विसरलेले नाही. तुम्हीच पाठवलं होतं मला धुळ्याला मावशीकडे, शिकायला. म्हणाला होतात की शोरूममध्ये कॉम्प्युटरवर बसायची नोकरी मिळते, पोरीला बरी. तर त्या दिवशी सावद्याकडून एक भरलेली पिकप आली. केळीचे घड, वर सुकलेली पानं, चीक गळून मागचं फळकूट काळंभोर. काटा लाल रेषेवर आणि लाईट लागलेला. तुम्ही जेवायला बसला होता, मी मीटर घेऊन सेन्सर तपासला. मेलेला होता. तुम्ही हात धुऊन आलात, मी सांगितलं, तुम्ही मान डोलावलीत. आणि मग डब्यातून ते तांदळाएवढं रेझिस्टर काढलं, सेन्सरच्या जागी कनेक्टरमध्ये खोचलं आणि टेप मारली. झालं. आता इंजिन जळून जावो, कॉम्प्युटरला वाटणार सगळं थंडगार आहे. काटा मधोमध, लाईट बंद, ड्रायव्हर खूश.

मी त्याच्यासमोर बोलले. आबा, काटा आता खोटं दाखवेल, म्हटलं. नवा सेन्सर जळगावहून उद्या येईल, तोवर गाडी उभी राहू द्या. तुम्ही माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. "केयी थांबत नाही, पोरी," म्हणालात. आपल्या बोलीत केळीची केयी होते आणि तुमच्या तोंडी ती नेहमी लाडाची वाटायची, त्या दिवशी नाही वाटली. मी परत बोलले, तेव्हा तुम्ही पाना खाली ठेवलात आणि म्हणालात, "घरात जा. आईले मदत कर." ड्रायव्हर हसला. मोठ्याने नाही, पण हसला, आणि तुम्ही त्याच्याबरोबर हसलात. मी गेले घरात. भेंडी चिरली. एवढी चिरली की आई म्हणाली, पुरे, जेवणावळ आहे का. नंतर चैत्रात त्या गाडीच्या इंजिनचं हेड तापून गेलं, जाणारच होतं. तुम्ही चार दिवस राबून ते उतरवलंत, घासून आणलंत, सुरेख बसवून दिलंत, आणि तो माणूस तुमचे पाय धरून म्हणाला, आबा तुम्ही होते म्हणून गाडी वाचली. आबा, तुम्हाला तेव्हा काहीच वाटलं नाही का? एक शब्द? मी दारात उभी होते. तुम्ही त्याला चहा पाजलात.

केळी थांबत नाही, हे मला पण कळतं हो. घड कापला की तास मोजावे लागतात, व्यापारी खोट काढायला टपलेलाच असतो, गाडी उभी राहिली की ड्रायव्हरचं भाडं बुडतं. एका दिवसापुरतं केलंत असं समजून मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही कोणालाच कधी परत बोलावलं नाहीत. उद्या ये, खरा सेन्सर टाकू, एवढे शब्द तुमच्या तोंडून कधी निघाले नाहीत, कारण गाडी चालतेय आणि लोक म्हणतायत आबांचा हात लागला. तो हात तुम्हाला फार आवडायचा. मला पण आवडायचा, म्हणून तर. आणि मग माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पान्यांचा सगळा सेट, जर्मन बनावटीचा, तेल लावून कापडात बांधलेला, भावाला दिलात आणि मला दिला पाच लिटरचा कुकर. भावाला गाडी चालवायला आवडते, उघडायला नाही. त्या पान्यांनी तो गोठ्याची कडी पिळतो. कुकर चांगला आहे, अजून चालतो, त्यात माझी काही तक्रार नाही.

तर अंगणात भाऊ बोनेट अडवून उभा. मी भांडले नाही. म्हटलं, बरं, हात नाही लावत, नुसती चालू करून ठेव. त्याने चावी फिरवली आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली. बघ, म्हणाला, काय झालंय तिला. आम्ही ओट्यावर चहा घेतला. इंजिन गरम होत गेलं, आणि चहा संपून गप्पा कुठे वळवाव्यात हे सुचेना तोवर ते पुलावर झालं तसंच, आचका न देता, बंद पडलं. अंगण एकदम शांत झालं. वहिनी कपबशा उचलत होती ती तशीच थांबली. मी स्कॅनर लावला, त्याने तेच सांगितलं जे मला धुळ्यात माहीत होतं, क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटतोय. एक गोष्ट मात्र कळेना. एवढा मोठा दोष आहे, मग मीटरमधला लाईट कसा नाही लागला? मी केबिनमध्ये वाकून बघितलं. मीटरच्या काचेवर, खाली डावीकडे, मुक्ताईचा गोल स्टिकर. देवळाबाहेर मिळतो तो, बांगडीच्या आतल्या गोलाएवढा. मी विचारलं, हा कोणी लावला? आबांनी, भाऊ म्हणाला, गाडी घेतली त्या पहिल्या दसऱ्याला. आणि वहिनी मागून कौतुकाने म्हणाली, "रात्री गाडी चालवताना मुक्ताई उजळते, अक्का. मागून प्रकाश पडतो. आम्ही रोज हात जोडतो."

मी सीटवर बसूनच राहिले. हसू की रडू कळेना. तो लाईट कधीपासून लागलेला होता देव जाणे. तुम्ही होतात तेव्हापासून? आणि माझा भाऊ आणि वहिनी रोज पहाटे त्या धोक्याच्या लाईटला नमस्कार करून भरलेली गाडी रस्त्यावर काढत होते. आबा, दुसऱ्यांच्या गाड्यांत केलंत ते केलंत. त्यांना केळी होती, घाई होती. ही तुमची स्वतःची गाडी होती. तिच्यात तुमचा मुलगा बसणार होता. तिला कोणती घाई होती? लाईट डोळ्यांना टोचतो म्हणून देवाला पुढे केलंत? मला वाटतं तुम्ही एवढा विचार सुद्धा केला नसेल. स्टिकर हातात होता, लाईट खुपत होता, बोट टेकवलं आणि विसरून गेलात. तुमचं विसरणं पण किती नीटनेटकं असायचं!

मी भावाला सगळं समजावून सांगितलं. स्टिकरच्या मागे काय आहे, पुलावर काय झालं, पुढच्या वेळी डंपरवाला वळवेलच असं नाही. चांगल्या शब्दांत सांगितलं, मग वाईट शब्दांत सांगितलं. मी काय करते धुळ्यात, दिवसभर कसल्या गाड्या उघडते, शोरूममधून सुद्धा अडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, हे त्याला ठाऊक आहे. गावात सगळ्यांना सांगतो तो, माझी अक्का मोठी मेकॅनिक आहे म्हणून. पण इथे मान हलेना. आबांनी बांधलंय, त्यांनी काहीतरी बघूनच बांधलं असेल. मुक्ताईला उपटून काढू का आता? दसऱ्याचा लाईट आहे, जाईल चार दिवसांत. अख्खं वाक्य, तुमच्याच चालीत. वहिनी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की उद्या पहाटे हा माल भरणार, ही बाजूला बसणार, आणि दोघं परत त्या पुलावरून जाणार.

तेव्हा मी खोटं बोलले. धडधडीत. म्हटलं, आबांनीच मला सांगितलं होतं. शेवटच्या आजारपणात, मी उशाशी बसले होते तेव्हा. म्हणाले, पिकपचा क्रँक सेन्सर मी तात्पुरता बसवलाय, तो तू बदल.

भाऊ लगेच बाजूला झाला. आबा, अर्धा क्षण सुद्धा लागला नाही त्याला. गाडीतली चावी काढून माझ्या हातावर ठेवली, बोनेट स्वतः उघडलं, टेकू लावला. माझं शिक्षण, माझे हात, इतक्या वर्षांचं काम, स्कॅनरवरची सरळ सरळ अक्षरं, यातलं काही त्याला हलवू शकलं नव्हतं. तुमचं एक न बोललेलं वाक्य आलं आणि अंगणातलं सगळं मोकळं झालं. वहिनीने कोमट पाण्यात फडकं भिजवून स्टिकर हळूच सोडवला, पुसला, आणि देवघरात नेऊन ठेवला. चावी फिरवल्यावर मागचा पिवळा लाईट उघडा पडला. तिघं बघत राहिलो.

बॅटरीची वायर काढली आणि गाडीखाली गेले. तो सेन्सर कुठे असतो तुम्हाला माहीत आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, हात पिळून घालावा लागतो. आधी ब्रशने भोवतीची माती साफ केली, आत पडू नये म्हणून. मग तुमची टेप. टेपवर टेप, खाली आणखी टेप, त्याखाली बांधायची तार, कारण कनेक्टरचा खटका तुटलेला. पिना हिरव्या. बोल्ट सुटला, सेन्सर थोडा पिळून बाहेर ओढला आणि उजेडात धरला. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा होता तो. बोल्टचं भोक जमत नव्हतं म्हणून तुम्ही ते कानशीने मोठं केलं होतं. तो आत तिरका बसलेला, टोकावर इंजिनमधल्या दातेरी चाकाचे दात घासून ओरखडे पडलेले. आणि ते भोक, आबा, ते भोक काय सुरेख घासलं होतं तुम्ही! कुठे खरबरीत कड नाही, कुठे खाच नाही, अगदी गोल. दोन तास तरी लागले असतील. दोन तासांत जळगावला जाऊन खरा सेन्सर घेऊन परत आला असता. असला हात देवाने दिला आणि तो तुम्ही चुकीची वस्तू बरोबर बसवण्यात घालवलात. गाडीखाली पडल्या पडल्या मी तुम्हाला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. भावाला वाटलं माझ्या हाताला लागलं, तो वाकून बघायला लागला.

नवा सेन्सर बसवायला वेळ लागत नाही. त्याच्या रबराच्या रिंगला तेलाचं बोट लावलं, सरळ आत ढकलला, ठोकला नाही, बोल्ट बेताने आवळला. खटक्यासकट नवा कनेक्टर जोडला, वायर सायलेन्सरपासून लांब घेऊन बांधली. बॅटरी लावली, स्कॅनरवरून जुना दोष पुसला. लाईट गेला. मग मी भावाला म्हटलं, चल. तो, वहिनी आणि मी, तिघं पुढच्या सीटवर कोंबून बसलो आणि तापीच्या पुलापर्यंत गेलो. ऊन रणरणत होतं, इंजिन चांगलं तापलेलं. पूल ओलांडला, पलीकडे वळवली, परत ओलांडला. गाडी कुठे अडखळली नाही. पुलाच्या मध्यावर वहिनीने माझा हात धरला होता, तो उतरल्यावर सोडला.

घरी आल्यावर भाऊ उतरला नाही. वहिनी आत गेली, तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. मला वाटलं गाडीबद्दल काही विचारेल. तो म्हणाला, "आबा अजून काय म्हणाले होते तुले?" इथे मला थांबता आलं असतं. काम झालं होतं, गाडी सुरक्षित होती, आणखी खोटं बोलायची काही गरज उरली नव्हती. मी म्हटलं, "म्हणाले, पोरीचं ऐकत जा, असं त्याला सांग. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

त्याने चावी काढून मुठीत धरली. मग एवढंच म्हणाला, "मंग आबांनी हे मले का नाही सांगितलं?" त्याचा चेहरा मी ओळखला. भेंडी चिरताना माझा जो होता तोच. त्याला वाटायचं तुमचं सगळं त्याच्याकडे आहे, पाने, गाडी, नाव. आणि मी त्यातला सगळ्यात मोठा, तुमचा शेवटचा शब्द काढून घेतला, जो मुळात नव्हताच. त्याला खरं सांगायला हवं होतं. मी खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. भावाच्या हाती पडलं तर माझं खोटं त्याला कळेल, तो माझं ऐकायचा थांबेल, आणि गाडी परत तुमची होईल. तुम्हाला तर ते पोचायचंच नाही, म्हणून एक सांगून टाकते. भावाला वाटलं मी आठवून सांगतेय, मला वाटलं होतं की मी ऐनवेळी काहीतरी जुळवेन. तसं झालं नाही. ‘पोरीचं ऐकत जा’ हे वाक्य तोंडातून निघालं तेव्हा ते मला पाठ होतं, तुमच्या आवाजासकट, तुम्ही कुठे थांबाल त्यासकट. आयटीआयच्या दिवसांपासून मी ते रोज मनातल्या मनात तुमच्या तोंडून ऐकत आलेय.